दिसतं तसं नसतं, म्हणून गिट फसतं!

ऑफिसातली भांडणं कशावरून होतील, काही नेम नाही. एसीचं तापमान, फ्रिजमधला डबा, मीटिंग रूमचं बुकिंग... या यादीत आता आणखी एक भर घाला. एन्कोडिंग! हसू नका. माझ्या एका मैत्रिणीचं अप्रेझल त्यात अडकता अडकता राहिलं.

ती एका मोबाइल ॲपचा मराठी मजकूर सांभाळते. बटणांवरचे शब्द, एरर मेसेज, सगळं एका फाईलमध्ये आणि फाईल गिटमध्ये. (कोडशी संबंध नसलेल्यांसाठी: लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेलं गिट म्हणजे कामाची नोंदवही. कुठली ओळ कोणी, कधी बदलली, सगळं त्यात.) एकदा टीममधल्या एकाने त्या फाईलमधला एक शब्द बदलला आणि सेव्ह केलं. झालं! गिटच्या हिशेबी सगळ्याच्या सगळ्या ओळी त्याच्या नावावर. वर्षभर घासूनपुसून वाक्यं लिहिली हिने, आणि 'ब्लेम' कमांड दिली की नाव त्याचं! त्या बिचाऱ्याने काही चोरलं नव्हतं. त्याच्या एडिटरने फाईल यूटीएफ-८ ऐवजी यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह केली, एवढंच. हिने जुन्या नोंदी काढून बॉसला दाखवल्या, तेव्हा कुठे विषय मिटला.

भानगड काय आहे? युनिकोड 'क'ला एक नंबर देतं. पण तो नंबर डिस्कवर लिहायच्या पद्धती वेगवेगळ्या. यूटीएफ-८ मध्ये 'क' तीन बाइट्सचा, यूटीएफ-१६ मध्ये दोन. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम. पण गिट स्क्रीन बघत नाही, बाइट्स बघतं. शिवाय यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराबरोबर एक शून्य बाइट येतो. तो दिसला की गिट फाईलला 'बायनरी' समजतं आणि काय बदललं ते दाखवतच नाही. मग रिव्ह्यू करणारा डोळे मिटून ओके म्हणणार, दुसरं काय!

गोंधळात भर म्हणजे जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'युनिकोड' असा पर्याय यायचा आणि त्याचा अर्थ असायचा यूटीएफ-१६. २०१९ पासून नोटपॅड नवी फाईल आपणहून यूटीएफ-८ मध्ये ठेवतं, पण जुन्या फाईली अजून फिरताहेत.

फाईलचं नाव मराठीत ठेवलंत तर आणखी मजा. गिटच्या यादीत 'क'च्या जागी ३४०, २४४, २२५ असे आकडे दिसतात. घाबरू नका, फाईल ठणठणीत असते. 'कोटपाथ' हे सेटिंग बंद केलं की नाव नीट दिसतं.

मग करायचं काय? प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांनी यूटीएफ-८ ठरवून टाकायचं. एखादी फाईल यूटीएफ-१६ मध्येच लागत असेल, तर २०१८ पासून गिटमध्ये तशी नोंद करून ठेवता येते. मग आत साठवताना गिट स्वतःच तिचं यूटीएफ-८ करतं. नंतर सुधारू म्हणाल, तर सुधारणाऱ्याच्या नावावर पुन्हा सगळ्या ओळी! आणि इतिहासच बदलायचा म्हटलं तर पुढच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलते, अख्ख्या टीमला डोकेदुखी.

तेव्हा बॉस, 'माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय' असं कोणी म्हणालं की एकच प्रश्न विचारा: एन्कोडिंग कुठलं? दोन सेकंदांचं काम आहे. तुमच्या मेहनतीवर तुमचंच नाव राहील.