एसीची खरखर आणि उंदरांचे घरटे

जालन्यात कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या आसपास उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या केबिन फिल्टरमध्ये तंतू व धूळ साचते. एसी खरखरू लागतो आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ असा महागडा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक इंजिन बंद ठेवून केवळ ब्लोअर फिरवून पाहावा. वेगाबरोबर आवाज वाढला, तर दोष ब्लोअरपाशीच. पुष्कळदा तो अडकलेल्या वाळक्या पानाचा असतो.

मात्र गाडी बरेच दिवस उभी असेल, तर ही परीक्षाही लगेच करू नये. ब्लोअरच्या उबदार पोकळीत उंदीर घरटे करतात. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या खणामागे असलेला फिल्टर आधी काढून विजेरीने आत पाहावे. पिले असताना पंखा फिरवणे म्हणजे कळ दाबून केलेली हिंसा.

इंजिन चालू असताना एसी लावताच घरघर होत असेल, तर मात्र कॉम्प्रेसर तपासावा. तो जाम होऊन पट्टा तुटला, तर अनेक गाड्यांत बॅटरीचे चार्जिंगही थांबते. समृद्धी महामार्गावर निघण्यापूर्वी हा खर्च टाळू नये. एसी बंद केल्यानंतरची क्षणभराची फुसफुस मात्र वायूचा दाब समान होण्याची असते. तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.