नावाचे तेवीस पैसे

आमच्या घरात दोन बाटल्या आहेत. एक सौभाग्यवतींची, एक माझी. गैरसमज नको, दोन्हींत अल्कोहोल असलं तरी ते हातांना चोळायचं आहे. हिची बाटली टीव्हीवर झळकणाऱ्या नामांकित कंपनीची. माझी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटने स्वतःच्या नावाने काढलेली, म्हणजे दुकानछाप. पाहुणे आले की हिची दिवाणखान्यात येते आणि माझी न्हाणीघरात लपवली जाते.

हा अन्याय मला मान्य नाही. मी वाणिज्य पदवीधर. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांत सावकाश पचवताना एक गोष्ट शिकलो: कंपनीचं देखणं रूप पुढच्या पानावर असतं, खरं दुखणं मागच्या टीपांत. म्हणून दोन्ही बाटल्या पालथ्या केल्या. हिच्या पाठीवर 70 टक्के अल्कोहोल, माझ्या पाठीवरही 70. साठाच्या खाली असतं तर मीच फेकली असती. हिची 500 मिलीला 240 रुपये, माझी 125. म्हणजे मिलीमागे तेवीस पैसे निव्वळ नावाचे! हिच्या बाटलीला लिंबाचा वास आहे, कबूल. पण जंतूंना वासातलं काय कळतं?

यात कसलं गुपितही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कृती केव्हाच जगजाहीर केली आहे: 80 टक्के इथेनॉल, 1.45 टक्के ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी पाणी. आमच्या आत्याच्या चिवड्यात याहून जास्त गुपितं आहेत. 2020 साली साखर कारखान्यांच्या आसवन्यांनीसुद्धा सॅनिटायझर बनवलं. ‘मग शंभर टक्केच का नको?’ असं आमच्या साहेबांनी विचारलं होतं. साहेब, जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल काम संपण्याआधीच उडून जातं. आपल्या शाखेतही अशी दोनचार माणसं आहेत.

साहेब निघालेच आहेत, तर एक जुनं खातं उघडतो. टाळेबंदीत सगळं जग घरात बसलं, तेव्हा आम्ही काउंटरवर नोटा मोजत होतो. साहेबांच्या टेबलावर नामांकित बाटली, आमच्यापुढे दुकानछाप. आमचा स्वाभिमान दुखावला. ‘कर्मचाऱ्यांच्या जिवाला काही किंमत आहे की नाही?’ असं खणखणीत निवेदन मी स्वतः लिहिलं. सतरा सह्या झाल्या. आणि दारात उभा असलेला आमचा रखवालदार? त्याच्याजवळ पाच लिटरचा कॅन होता. त्यावर टक्के नाहीत, परवाना नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. त्यातलंच तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तळहातावर ओतायचा, स्वतःच्याही. त्याच वर्षी अमेरिकेत काही सॅनिटायझरांत मिथेनॉल सापडलं होतं. ते विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. आमच्या निवेदनात त्या कॅनचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. सतरा सह्यांत त्याची सहीही नव्हती. ती कुणी मागितलीच नाही.

म्हणून म्हणतो, भांडण मोठ्या नावाचं आणि छोट्या नावाचं नाहीच. भांडण आहे ते लेबल असलेल्या आणि नसलेल्या बाटलीचं. आम्ही शहाणे मात्र वरच्या टेबलाकडे बघून जळतो आणि दाराकडे पाठ करून बसतो.

हे सगळं मी काल रात्री सौभाग्यवतींना तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दिवसभर नोटा मोजून आलाय. हात काळे झालेत. मळक्या हातांवर तुमचे सत्तर टक्के काय करणार? आधी साबणाने धुवा.”

मी निमूट धुतले. साबण नामांकित कंपनीचा होता.