'किरकोळ' कोणी ठरवायचं?

रस्त्यावर बाईला गाडीचा धक्का लागला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गाडीवाला म्हणतो, "फार काही लागलेलं नाही." आणि बाई स्वतःच म्हणते, "जाऊ द्या जी, काही नाही झालं." भरपाई मागायची की नाही, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. माझं म्हणणं एवढंच की हा निकाल इतक्या घाईनं लागू नये. आणि दुखापत किरकोळ आहे की नाही हे ठरवताना बाईचं घरकाम हिशेबात धरलं जावं.

आमचं काम लकडगंजात चालतं. लाकडाच्या वखारी, आरा गिरण्या, मालाचे ट्रक, हातगाड्या आणि त्यातून वाट काढत धुण्याभांड्याला निघालेल्या बाया. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना मागे येणाऱ्या मोटारीनं पाडलं. मालकानं खासगी दवाखान्यात नेलं, एक्स-रेचे पैसे भरले आणि घरी येऊन नवऱ्याच्या हातावर दोन हजार ठेवले. उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती. चार आठवडे प्लास्टर. "केसाएवढी त चीर आहे," असं म्हणून घरादारानं प्रकरण मिटवलं.

आता हिशेब मांडू. ताईंची चार घरं होती. दोन घरांनी महिन्याचा पगार कापला, एका घरानं दुसरी बाई लावली ती कायमची. स्वयंपाक, पाणी भरणं, आजारी सासूचं करणं हे सगळं आठवीतल्या मुलीवर आलं. तिची तीन आठवडे शाळा बुडाली. यातलं काय त्या दोन हजारांत बसलं?

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात आलेलं कलम १६४ हे १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. गंभीर दुखापत झाली असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये मागता येतात. आता 'गंभीर' म्हणजे काय? हाड मोडणं किंवा त्याला चीर जाणं हे फौजदारी कायद्याच्या व्याख्येत गंभीरच आहे. शिवाय ठरावीक दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा 'नेहमीचे व्यवहार' करता आले नाहीत, तरी ती दुखापत गंभीर. पूर्वीच्या दंड संहितेत हे दिवस २० होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत १५ आहेत. म्हणजे गल्लीनं जिला किरकोळ ठरवलं, ती केसाएवढी चीर कायद्याच्या लेखी गंभीर होती.

'नेहमीचे व्यवहार' हे शब्द, मैत्रिणींनो, नीट वाचा. पुरुषाचे व्यवहार म्हणजे दुकान, नोकरी, फिरती. बाईचे म्हणजे कणीक मळणं, बादली उचलणं, लुगडं पिळणं. हेही व्यवहारच आहेत, असं आपणच म्हटलं नाही तर कोण म्हणणार?

न्यायालयांनाही हे उमगायला वेळ लागला. १९९४ साली या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या पत्नीची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरली होती. अचलपूरच्या न्यायाधिकरणानं २००७ मध्ये एका मृत गृहिणीच्या कुटुंबाचा दावा फेटाळला, कारण तिचं उत्पन्न सिद्ध झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२० मध्ये तो निकाल फिरवून आठ लाखांवर भरपाई दिली. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सरकारी पाहणीचाच दाखला दिला: बिनमोल घरकामात बाईची दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७.

पण हे सारे निकाल मेलेल्या बायांचे आहेत. बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत झाली. जिवंत बाईच्या चार आठवड्यांची किंमत ती मागेल तेव्हाच होईल.

मग प्रत्येक खरचटण्याला दावा लावायचा का? नाही. नुसता मुका मार असेल तर कलम १६६ खाली चालकाची चूक दाखवावी लागते, आणि मिळतो तो साधारणपणे औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनेपोटी काही रक्कम. तारखांना जाण्यात तेवढीच मजुरी बुडणार असेल तर नाही म्हणण्यातही शहाणपण आहे. वाढवून सांगितलेली जखम तर टाळाच. एक खोटा दाखला पुढच्या दहाजणींचा विश्वास घालवतो. मात्र 'नाही' हे हिशेब करून म्हणावं, भिडेपोटी नाही.

त्यासाठी आधी नोंद, मग निर्णय. गाडीचा नंबर लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात गेलात तर अपघाताची केस म्हणूनच नोंद करायला सांगा. पोलिसात तक्रार द्या आणि प्रत मागा. एक्स-रे, पावत्या जपा. कोणत्या घरी किती खाडे झाले, घरचं कोणतं काम कोणी केलं, हे रोज वहीत उतरवा. दाव्याची मुदत सहा महिने आहे. अर्ज आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. "बिचाऱ्याला कशाला भुर्दंड" ही दयाही तपासून घ्या. इतरांना होणाऱ्या इजेसाठी प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा आहे. विमा असला की पैसे बहुधा विमा कंपनीकडूनच येतात.

आमच्या बैठकीत ताईंचा नवरा म्हणाला, "एकदा पैसे घेतले, आता पुन्हा मागायचे म्हणजे लाज आहे." ताईंनी कुठेही सही केलेली नव्हती. मार बाईला, पैसे नवऱ्याला आणि तडजोड दोन पुरुषांत, हा व्यवहार तिच्या हक्काला बांधून टाकत नाही. ते दोन हजार अर्जात प्रामाणिकपणे दाखवायचे, एवढंच. सहा महिने भरायला पाच आठवडे उरले असताना ताईंनी अर्ज करायचं ठरवलं, आणि पैसे स्वतःच्या खात्यात मागायचं ठरवलं. निकाल काय लागेल ते लागो. मुलीच्या बुडलेल्या शाळेचे दिवस त्यांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले आहेत.

आपापल्या गटात अशी एक वही आजच सुरू करा.