परीक्षा कवीची आणि परीक्षकाचीही

गणेशोत्सवाचा मंडप उभा राहिला, की अथर्वशीर्षाची आवर्तने, रांगोळी, पाककृती यांच्या जोडीला काव्यस्पर्धेचाही फलक आता गावोगावी लागतो. बालगट, युवागट, ज्येष्ठगट. आम्हांस याचा आनंदच वाटतो. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ज्याला कवींमधील कवी म्हणून आवाहन केले आहे (मूळ देवता ब्रह्मणस्पती, परंपरेने तो मंत्र गजाननाच्या पूजेत आणला), त्याच्या दारी कविता म्हणावयाची नाही, तर कोठे?

कवींची परीक्षा ही आजची टूम नव्हे. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारी असलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. आपल्या पणजोबांचा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरव करणारा हा पंडित एका अर्थी आपलाच. राजाची कविसभा सोळा खांबांची असावी, उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत, पश्चिमेस अपभ्रंश कवी आणि त्यांच्या मागे चितारी, सोनार, सुतार, लोहारसुद्धा बसवावेत, असे तो सांगतो. उज्जयिनीत ज्यांची परीक्षा झाली त्यांत कालिदास आणि भारवी यांची नावे तो देतो. उत्तीर्ण झालेल्यास रथातून मिरवीत व मस्तकी पट्ट बांधीत. स्त्रियांनीही पुरुषांप्रमाणे कवी व्हावे, कारण संस्कार आत्म्याचा असतो, हेही त्याचेच मत.

परंतु याच ग्रंथात परीक्षकांचेही चार प्रकार दिले आहेत, ते फलकावर कोणी लिहीत नाही. एकाला काहीच रुचत नाही, दुसरा गवतासकट सारे गिळतो, तिसरा मत्सरी, आणि चौथा तत्त्व जाणणारा, तो विरळा. आम्ही स्वतः चौथ्यात बसत नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी एका गावी उत्सवात आम्ही परीक्षक होतो. अकरा वर्षांच्या एका मुलीने आटलेल्या विहिरीवर कविता म्हटली. शब्द इतके पिकलेले, की आम्हांस वाटले, ही वडिलांची लेखणी! क्रमांक दिला नाही; उलट सर्वांदेखत 'स्वतःचे लिहावे' असा उपदेश केला. पुढे कळले, की वडील शेतमजूर, अक्षरशत्रू. कविता तिचीच होती, आणि तिने वही बंद केली ती कायमची. चार ओळी तेथेच रचावयास सांगितल्या असत्या, तर खरे काय ते घटकेत कळले असते. आपल्याकडची समस्यापूर्ती त्याकरिताच तर होती! ती आम्ही विसरलो, आणि पंडित म्हणवितो.

म्हणून मंडळांच्या चालकांस आमची विनंती आहे. बालगटात पहिला, दुसरा, तिसरा हा व्यवहार नकोच; जो म्हणेल त्याच्या हाती पुस्तक आणि प्रसाद द्यावा. युवकांची परीक्षा मात्र कठोर करावी, दोष स्पष्ट दाखवावेत. साहित्य अकादमी २०११ पासून पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना युवा पुरस्कार देते, त्यामागे वेळीच पाठ थोपटण्याचा विचार आहे. एरवी सन्मान सावकाश पोहोचतो: कुसुमाग्रजांना १९८७ चे ज्ञानपीठ मिळाले तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती, विंदा करंदीकरांना २००३ चे मिळाले तेव्हा पंचाऐंशी उलटली होती. ज्येष्ठांना शालीपेक्षा श्रोते हवे असतात; जात्यावर ओव्या रचलेल्या आजीबाईंना तीन मिनिटांत घंटा वाजवून खाली बसविणे आम्हांस तरी पाहवत नाही.

यंदा त्याच गावी पाचव्या दिवशी आमचे कीर्तन आहे. ती मुलगी आता सासरी नांदते. विहिरीची कविता उत्तररंगापूर्वी सभेत म्हणावी, असा निरोप आम्ही तिच्या वडिलांकरवी धाडला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.