ताण दिला, ताण बसला

ज्येष्ठात कौंडण्यपुरातून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरची वाट धरते. १५९४ पासूनची ही परंपरा. पालखी वर्धेचा काठ सोडते तेव्हा तिवशापासून वर मोर्शी-वरूडपर्यंतच्या संत्र्याच्या बागांत उन्हाळा अजून पुरता सरलेला नसतो. वारीला निघालेला बागाईतदार एकदा बागेतून फिरतो, एखादी फांदी वाकवून पाहतो आणि मागे राहिलेल्या भावाला सांगतो, ‘पाणी पडलं की पाहून घेजो.’ पाणी पडल्यावर नेमकं काय पाहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, त्यावर यंदाचा जूनचा अंक काढतो आहोत.

संत्र्याच्या माणसाला ‘ताण’ हा शब्द नवा नाही. मृग बहार धरायचा तर भारी जमिनीत चाळीस-पन्नास दिवस, हलक्या जमिनीत महिनाभर पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन पाव हिस्सा गळू द्यायची आणि मृगाच्या पावसावर फूल काढायचं, हे तंत्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. घोटाळा इथंच होतो. आपण मोजून दिलेला ताण आणि उन्हानं बसलेला ताण, दोन्हींना शब्द एकच आहे. दिलेल्या ताणात झाड थांबतं, अन्न साठवतं आणि फुलायची तयारी करतं. बसलेल्या ताणात ते साठवलेलं अन्न खाऊन जगतं. वरून दोघांची पानगळ सारखीच दिसते, म्हणून दोघांना औषधही आपण एकच लावतो: भरपूर पाणी, भरपूर युरिया आणि बहाराची घाई.

उन्हात झाडाचं काय होतं ते जरा पाहू. संत्र्याच्या पानाला पंचवीस-तीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. त्यापुढे हवा जसजशी तापते आणि कोरडी होते, तसतसं पान पाणी वाचवण्यासाठी आपली रंध्रं मिटतं. रंध्रं मिटली की अन्न तयार होणं थांबतं. बाष्प बाहेर पडून पानाला जो गारवा मिळतो तोही थांबतो, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापतं. खाली आपली काळी माती. उघडी असली तर मे महिन्याच्या दुपारी तिचा वरचा थर साठ अंशांच्या घरात जातो, आणि संत्र्याची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक तंतुमुळं वरच्या फूटभर थरातच असतात. जमिनीला भेगा पडल्या की ही मुळं ताणली जाऊन तुटतात. म्हणजे मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा झाडाचं तोंडच निम्मं गेलेलं असतं. त्याच्यापुढे ताट भरून ठेवल्यानं त्याची भूक भागत नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं की, झाड उन्हाळ्यात होरपळतं, पण बऱ्याच वेळा मरतं ते पावसाळ्यात, आणि त्यात आपल्या घाईचा हात असतो.

पहिली घाई कात्रीची. होरपळलेलं झाड डोळ्यांना सोसवत नाही आणि माणूस आरी घेऊन उठतो. पण झाड स्वतःच खूण देत असतं. ज्या फांदीची पानं गळून पडली ती फांदी बहुधा जिवंत आहे, कारण पान गाळायलाही देठाशी जिवंत पेशी लागतात. ज्या फांदीवर पानं करपून तशीच चिकटून राहिली तिची आशा कमी. शंका वाटली तर नखानं साल खरवडावी. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर हात मागे घ्यावा. काडीसारखी मोडणारी बारीक सल पावसाआधी काढायला हरकत नाही, काढलीच पाहिजे. जाड फांद्यांचा निवाडा मात्र नवी पालवी फुटेपर्यंत राखून ठेवावा. इथं पालखीचंच पंचांग धरा: ती आषाढीला पंढरपुरात पोचते तोवर कोणती फांदी जगली हे झाडानं दाखवलेलं असतं. मग उघडीप पाहून वाळलेल्या भागाखाली बोटभर हिरवा भाग घेऊन काप द्यावा, कात्री झाडागणिक निर्जंतुक करावी आणि त्याच दिवशी कापावर बोर्डो मलम लावावं. प्रमाण जुनंच आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. बुंध्यालाही जमिनीपासून तीन फुटांपर्यंत तेच मलम लावावं. पानं गेल्यामुळे उघड्या पडलेल्या फांद्यांना, विशेषतः नैऋत्येकडच्या बाजूला, चुन्याचा हात द्यावा. पावसाची ओढ बसली तर जूनचं ऊनही साल भाजतं, आणि भाजलेल्या सालीत साल खाणारी अळी घर करते.

दुसरी घाई पाण्याची. इथं थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. चार मीटर व्यासाच्या घेराचं झाड साधारण साडेबारा चौरस मीटर जागा व्यापतं. मे महिन्यात त्यानं रोजचे ८ मिलिमीटर वापरले असं धरलं तर दिवसाला १०० लिटर होतात. जून-जुलैत ढग आले, हवेत दमटपणा आला की ही गरज निम्मी, ५० लिटरवर येते. आणि झाडाची निम्मी पानं गळलेली असतील तर ती पुन्हा निम्मी, म्हणजे २५ लिटर. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. उघडं झाड कमी पाणी पितं. मेमधल्या सवयीनं पावसाच्या खंडातही ठिबक तेवढेच तास चालू ठेवलं तर उरलेले ७५ लिटर मुळांशी साचतात.

साचलेल्या पाण्याचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोरड्यानं तुटलेली, जखमी झालेली मुळं आणि त्यावर अचानक तुडुंब पाणी, फायटोफ्थोरा बुरशीला याहून चांगला मुहूर्त मिळत नाही. मूळकूज आणि डिंक्या तिथून सुरू होतात, आणि बाग दोन-तीन वर्षांनी ‘एकाएकी’ वाळते. आपल्या बहुतेक बागा जंबेरी खुंटावर आहेत आणि जंबेरी या बुरशीला लवकर बळी पडते. तेव्हा खताच्या आधी चर काढा. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेनं चर, बुंध्याशी मातीचा उंचवटा, आणि कलमाचा जोड मातीच्या वर, उघडा. बुंध्याभोवती पाणी टेकणारं आळं असेल तर ते मोडून दुहेरी बांगडी करा, म्हणजे पाणी खोडाला न लागता मुळांच्या कक्षेत पोचेल. बुरशीनाशकाची आळवणी करायची तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या शिफारशीप्रमाणेच करावी. दुकानदारानं हातात दिलेल्या चार पुड्या एका टाकीत कालवू नयेत.

खताचंही तसंच. पहिल्या सरीबरोबर टोपलंभर युरिया टाकला की पालवी लुसलुशीत येते, पण तिला पोसायला खाली मुळं नसतात. मग सिट्रस सायला, मावा आणि पानं पोखरणारी अळी त्या पालवीवर तुटून पडतात. नवी पालवी स्वतःहून फुटून जरा पिकू द्यावी, मग खत थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यांत द्यावं. तोवर चांगलं कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा पुरे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ज्या झाडांची निम्म्याहून जास्त पानं उन्हानं गेली आहेत, त्यांचा यंदाचा मृग बहार सोडा. आंबिया बहाराची फळं झाडावर असतील तर तीही विरळ करा. हे लिहिताना आम्हाला व्यापाऱ्याचा विसार दिसतो, सोसायटीचं कर्ज दिसतं, मुलाची फी दिसते. तरीही लिहितो. अशक्त झाडानं फूल भरभरून दिलं तर त्याचा आनंद मानू नये. जीव जायला लागला की झाड बी मागे ठेवून जायची धडपड करतं, हे जुन्या बागाईतदाराला सांगावं लागत नाही. एका हंगामाच्या फळासाठी पंधरा-वीस वर्षं देणारं झाड पणाला लावणं हा तोट्याचा सौदा आहे. सगळी बाग सोडायची गरज नाही. झाडागणिक फिरा, सशक्त झाडांना बहार द्या, दुबळ्यांच्या बुंध्याला खुणेची चिंधी बांधून त्यांना सुटी द्या.

२०१९ कुणी विसरलेलं नाही. आदल्या वर्षी पाऊस उणा झाला, एप्रिलअखेर अकोल्याचा पारा ४६ अंशांच्या पुढे गेला आणि वरूड-मोर्शीत उभ्या बागा वाळल्या. हातानं लावलेल्या झाडांवर लोकांना कुऱ्हाड चालवावी लागली. तेव्हा बोअर आणखी खोल नेणं हा एकच उपाय सुचत होता. उपसा इतका झाला की हे तालुके भूजलाच्या धोक्याच्या यादीत गेले. पुढच्या उन्हाळ्याची तयारी मे महिन्यात होत नाही, ती आत्ता, पावसात होते. धुऱ्यावरचं पाणी गाळून विहिरीत, बोअरमध्ये सोडायची सोय करायची तर आता करायची. सोयाबीन निघालं की कुटार पेटवू नका, तुरीच्या काड्या बांधावर जाळू नका. तेच तीन-चार इंच जाडीनं, बुंध्यापासून हातभर अंतर सोडून, फेब्रुवारीत आळ्यात अंथरा. काळ्या मातीला यापेक्षा स्वस्त छत्री नाही. नवी लागवड करणाऱ्यांनी रोपवाटिकेत रंग-उंची पाहण्याआधी खुंट विचारावा. कोरडं सोसण्यात रंगपूर लाइम जंबेरीपेक्षा उजवा आहे.

बागाईतदार मंडळी, पहिला पाऊस झाला की वाफसा येताच एकदा रिकाम्या हातांनी बागेत जा. कात्री नको, पंप नको, खताची गोणी नको. प्रत्येक झाडापाशी दोन मिनिटं थांबा, साल खरवडा, आळ्यात हात घालून ओल पाहा आणि वहीत लिहा. आषाढीनंतर ती वही उघडा आणि मग ठरवा. मधल्या महिनाभरात झाडासाठी करण्याजोगं सर्वांत मोठं काम म्हणजे पाण्याला वाट करून देणं आणि बाकी हात आवरणं.