जामीनदार नको

भारत-पाकिस्तान सामना असला की चाकणच्या आमच्या कंपनीत चहाच्या वेळी कोणीतरी विचारतंच, "काय भाई, आज कोणाकडून?" दहा वर्षं मी हसून "आपल्याकडून" म्हणत आलो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हा प्रश्न कधी येत नाही.

पण माझं खरं भांडण आपल्याच पोरांशी आहे. पंधरा ऑगस्ट आला की व्हॉट्सॲपवर मुस्लिम हुतात्म्यांच्या याद्या सुरू. मीही पाठवल्यात, खोटं कशाला बोलू? त्यात कुर्बान हुसेन असतोच. सोलापूरचा हा विशीतला पत्रकार १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेला, आपल्या निगडीपासून तासाभरावर. त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदेही गेले. सोलापुरात चौघांच्या नावाने एकच चौक आहे. आपण मात्र तिघांना गाळतो आणि कुर्बानला एकट्याला आपला जामीनदार म्हणून उभं करतो. तो इंग्रजांशी लढला, माझ्या निष्ठेची हमी द्यायला नाही.

जामीनदार कर्जाला लागतो. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने नागरिकत्वासाठी जन्म, आईवडील आणि वास्तव्य पाहिलं, धर्म नाही. २०१९ च्या कायद्यात तो घुसला म्हणूनच आपण चिडलो ना?

"पण आपला इतिहास कोणी सांगतच नाही!" मग सांगा की. चौघांची नावं घेऊन सांगा, जानेवारीतही सांगा. फक्त त्या चहाच्या टेबलावर उत्तर म्हणून नको. तिथे मी आता उलट विचारतो, "आणि तू कोणाकडून?"