खसखस काढा, कागद ठेवा!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सेलूची माझी भाची दुबईला निघाली होती. जावई वर्षभर आधीच तिकडे नोकरीला लागलेले. आता ही आणि चार वर्षांचा लेक कायमचे जाणार म्हणून मी परभणीहून मुद्दाम गेले. घरात लग्नघरासारखा पसारा. चादरीवर कुरडया, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि मधोमध दोन किलो काळा मसाला अन् डबाभर अनारसे.

"मसाला आणि अनारसे काढ आधी," मी म्हटलं.

"अगं मावशी, असं काय करतेस? आईनं आठ दिवस खपून केलंय!"

"दोन्हींत खसखस आहे ना? अमिरातीत खसखशीला बंदी आहे. विमानतळावर सापडली तर अमली पदार्थाची भानगड व्हायची."

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. आपण सणासुदीला वापरतो ती खसखस अफूच्या बोंडातली, हे आपल्या ध्यानातही नसतं. विड्याची पानंही तिकडे नेता येत नाहीत. काही वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधंसुद्धा परवानगीशिवाय चालत नाहीत. रोजच्या औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची आणि ते औषध तिथं चालतं का, हे निघण्याआधीच पाहायचं.

मसाला पाच मिनिटांत बाहेर निघाला. पण मला काळजी होती ती बॅगेत जे नव्हतं त्याची. पोरीनं इथल्या कृषी विद्यापीठातून गृहविज्ञानाची पदवी घेतलेली. ते मूळ प्रमाणपत्र कुठंय म्हटलं, तर ट्रंकेत! "तिकडे काय करायचंय ते?" हे तिचं उत्तर.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथंच आहे. नवऱ्यामागे परदेशी जाणारी बाई तिथल्या कागदावर 'अवलंबित' असते. तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला. नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहॅम किंवा ३,००० आणि राहायला घर असेल, तर तो बायकोला बोलावू शकतो. त्याची नोकरी गेली की मुदतीत दुसरी सोय करावी लागते, नाहीतर सगळ्यांचाच गाशा गुंडाळायचा. विधवा किंवा घटस्फोटित बाईला स्वतःच्या बळावर एक वर्ष राहता यावं, असा निर्णय अमिराती सरकारनं २०१८ साली घेतला, हे चांगलंच झालं. पण त्या एका वर्षात उभं राहायचं तर हाताशी काहीतरी हवं ना? पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून कसं उभं राहणार?

तिकडे नवऱ्याच्या परवान्यावर राहूनही बाईला नोकरी करता येते. मात्र मालकानं कामाचा परवाना काढायला हवा. शिकवण्या घ्यायच्या असतील तर त्यासाठीही डिसेंबर २०२३ पासून वेगळा परवाना मिळतो. "चार डबे करून देईन की घरून," असं आपण इथं सहज म्हणतो. तिथं विनापरवाना काही विकलं की दंड. शिकलेल्या नोकरीसाठी पदवीवर शिक्के लागतात. आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचा. विवाहाच्या दाखल्यालाही हीच साखळी, वर त्याचं अरबी भाषांतर.

आणि नावांचा घोळ तर विचारूच नका! आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात. हौस म्हणून ठीक आहे. पण भाचीच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि विवाहाच्या दाखल्यावर तिसरंच. ते जुळवण्यात चार महिने गेले. एका एजंटानं "सगळं करून देतो" म्हणून पैसे घेतले आणि कागद तसेच परत आणून दिले. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही बरं का. बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून घ्या आणि सगळीकडे एकच ठेवा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही असू द्या. नुसत्या एका नावाच्या पासपोर्टवर अमिराती नोव्हेंबर २०२२ पासून प्रवासी व्हिसा देत नाही.

पैशाचंही तसंच. समुद्रकाठचं शहर, उंच इमारती, फोटो झकास येतात. पण तिथं घरभाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. वर अनामत, करारनाम्याची नोंदणी, वीज-पाण्यासाठी फ्लॅटला २,००० दिरहॅमची वेगळी अनामत. बायको-मुलांचा आरोग्य विमा बहुतेक वेळा नवऱ्यालाच काढावा लागतो, शाळेची फी वेगळी. म्हणून मी भाचीला विचारलं, "पगार किती, भाडं किती, हातात किती उरतं, तुला माहितीय?" तिला माहीत नव्हतं. संसार दोघांचा, मग हिशेब एकट्याचा का?

इथलं बचत खातंही तसंच सोडून जायचं नाही. परदेशी राहायला गेल्यावर ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. आणि अंगावरचे दागिने? निघताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून त्यांचा दाखला घ्या, म्हणजे परतताना आपल्याच पाटल्यांवर शुल्क भरायची वेळ येत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर भाच्यानं एक कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. भावजी दोन वर्षांपूर्वी गेले, शेत अजून त्यांच्याच नावावर. "ताई, तू आता लांब चाललीस. उद्या जाता जाता सही करून टाक, मागे अडचण नको." पोरगा वाईट नाही. पण त्याला वाटलं, समुद्रापार गेलेल्या बहिणीला शेताचं काय काम?

मी म्हटलं, "आज सही करायची नाही." २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिलाय, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं सांगितलंय. परदेशात राहणाऱ्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं आलेली ठेवता येते. हक्क सोडायचाच तर राजीखुशीनं, विचार करून सोडावा, विमानाच्या घाईत नव्हे.

अक्का त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. पुढे दोन महिने फोनही नाही. मला वाईट वाटलं, पण बोलल्याचा पस्तावा नाही.

भाचीनं सही केली नाही. ट्रंकेतली पदवी मात्र हातातल्या पर्समध्ये घातली. परवा फोन आला होता. "मावशी, आपल्याकडे ऊन कोरडं असतं गं. इथं उन्हाळ्यात दारातून बाहेर पडलं की अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वाटतं." मग हसून म्हणाली, "पण समुद्र छान आहे. आणि पदवीवरचा शेवटचा शिक्का आला!"

अक्काचा राग आता निवळलाय. तिनं परवाच नवा मसाला कुटला, बिनखसखशीचा. चवीला थोडा उणाच आहे म्हणते. असू दे. लेकी-बाळींनो, जा, खुशाल जा. पण नवऱ्याच्या सामानातलं एक नग होऊन जाऊ नका. आपलं नाव, आपले कागद, आपलं खातं आणि आपली सही सोबत घेऊन जा.